छापील किंमत

धम्मदीपाला ‘भाई’ म्हणणारी माणसं देशभर होती. कोचीत होती, इंदूरला होती, एक तर गुवाहाटीला होता. ‘भाई, ती लाल जीप अजून आहे का?’ ‘भाई, थोडं कमी करा ना.’ त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. इन्स्टाग्रामवर तिच्या पानाचं नाव ‘मुळशी गराज’ होतं आणि तळहातावर मावणाऱ्या धातूच्या गाड्या विकणारा हा कुणीतरी पुरुषच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिनेही त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

ती एकोणतीस वर्षांची, राहायला कासार आंबोलीत. आधी ती जांब्याला, आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, एका मोठ्या दुकानात काउंटरवर होती. तिथे दर मंगळवारी खेळण्यांचे खोके यायचे आणि शटर वर जायच्या आधीच गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले पस्तिशी-चाळिशीचे बाप्ये दारात उभे असायचे. खोकं फुटलं की लग्नातल्या पंगतीसारखी झुंबड. तिने एकदा त्यांच्यातल्याच एकाला, इंद्रजितला, सरळ विचारलं, “सर, घरात किती मुलं आहेत तुम्हाला?” तो लाजला. लग्नच झालं नव्हतं त्याचं. मग त्यानेच तिला समजावलं, की कुठली गाडी खोक्यात एखादीच येते, कुठली बंद झाली, आणि बंद झालेली गाडी न उघडलेल्या डब्यात मिळाली तर लोक तिच्यासाठी काय मोजतात. पुढे दुकानातलं काम सुटलं, तेव्हा धम्मदीपाने हाच धंदा धरला. पहिलं गिऱ्हाईकही इंद्रजितच.

विकायला फोन पुरतो. खरं काम शोधण्याचं. पिरंगुट, पौड, लवळे, माले... जिथे जिथे म्हणून जुनं स्टेशनरीचं नाहीतर जनरल स्टोअर होतं, तिथे ती स्कूटरवर जाऊन आली होती. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून वरच्या फळीवर पडलेलं एखादं खोकं असतंच. त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, हे ती शिकली होती. आधी वही मागायची, पेन्सिल घ्यायची, आणि निघता निघता विचारायचं, “ते वर काय आहे हो?”

स्कूटरवर मागे तिचे वडील आनंदा असायचे. सव्वीस वर्षं त्यांनी एका बंगलेवाल्याच्या गाड्या चालवल्या होत्या. साखरेच्या आजाराने एका डोळ्याची नजर गेली तेव्हा त्यांनी आपणहून किल्ली परत केली. घरात बसून माणूस वाळायला लागला म्हणून धम्मदीपाची आई गोजराबाई म्हणाली, “ने त्येस्नी सोबत.” आणि झालं असं, की आनंदांचाच लेकीला उपयोग व्हायला लागला. गाडी हातात घेऊन ते अंगठ्याने चाचपायचे आणि सांगायचे, “हिची चाकं बदलल्यात कुनीतरी. मागची मूळची न्हाईत.” सहसा ते बरोबर निघायचं.

जानेवारीत अपेक्षाने, जांब्याच्या दुकानातल्या मैत्रिणीने, लग्नाआधीचे फोटो पाठवले. ती आणि तिचा होणारा नवरा लवासाला तळ्याकाठी हातात हात घालून चाललेत, मागे रंगीत इमारती. धम्मदीपाने छान म्हणून दोन बदाम पाठवले आणि मग तिची नजर फोटोच्या कडेला गेली. एका बंद दुकानाची काच होती, आत फळ्या, फळ्यांवर चौकोनी डब्यांची उतरंड. तिने फोटो मोठा केला. अक्षरं फुटली, पण रंग कळत होते. एका डब्याच्या पारदर्शक खिडकीतून फिकट हिरवं काहीतरी दिसत होतं.

फिकट हिरवी अँबॅसिडर. एकच वर्ष निघालेली. इंद्रजित ती दोन वर्षं शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. उरवड्यावरून मुठ्याला आणि तिथून टेमघरचा घाट. गवत वाळून पिवळं पडलं होतं, वळणावर वारा असा लागत होता की आनंदांनी मफलर तोंडाभोवती गुंडाळून घेतला. खाली तळ्याकाठी दोनचार सहली, मक्याची कणसं भाजणारी एक बाई, आणि बाकी लांबच लांब बंद दारं. बऱ्याच इमारती अर्ध्यावर थांबलेल्या. दुकान मात्र बंद नव्हतं. फोटो काढला तेव्हा जेवणाची वेळ असावी. वर पाटी होती, ‘उषा खेळणी भांडार’.

आत स्टुलावर एक सत्तरीपुढचे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. धम्मदीपा दारात दिसताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दिवा लावला. हे बंडोपंत. खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले आणि मिळालेले पैसे घालून, बायको उषाच्या साथीने, त्यांनी हे दुकान थाटलं होतं. मुलांचं गाव होणार इथे, असं दोघांना वाटलं होतं. पंधरा वर्षं झाली. उषाताई गुडघ्यांमुळे नाशिकला लेकीकडे गेल्या होत्या आणि बंडोपंत दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. हे सगळं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, कारण सांगायला बऱ्याच दिवसांत कुणी मिळालेलं नव्हतं.

धम्मदीपाचं अर्धंच लक्ष होतं. भिंतभर डबे होते. दोनशे तरी. एकावरही धूळ नव्हती, कुठल्याच डब्याचा कोपरा दबलेला नव्हता. हिरवी अँबॅसिडर, काळी-पिवळी टॅक्सी, जुन्या वळणाची डबलडेकर. तिने एक रंगाची पेटी मागितली, एक चेंडू दाबून पाहिला आणि मग म्हणाली, “आणि ती हिरवी गाडी कितीला?”

बंडोपंतांनी डबा उलटा करून चष्मा वर केला. “दोनशे पंचेचाळीस. छापलंय ते. त्याच्यावर एक रुपया नाही.” मग त्यांनी विचारलं, “कोणासाठी घेतेस?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तोंडातून निघून गेलं, “भाच्यासाठी. भावाचा मुलगा.”

“अरे वा. किती वर्षांचा?”

“सहा.”

“नाव काय?”

“रत्नदीप.”

धम्मदीपाला भाऊ नव्हता. आनंदा मागे उभे होते, त्यांनी मफलर सोडून परत बांधला.

बंडोपंत डब्याचं झाकण उघडायला लागले. “चालवून बघू. तपासल्याशिवाय मी वस्तू देत नाही.”

“नको, नको!” ती जवळजवळ ओरडलीच. “वाढदिवसाची भेट आहे काका. त्याचं त्यालाच उघडू दे.”

हे त्यांना फार पटलं. त्यांनी चकचकीत कागदात डबा गुंडाळला आणि वर लाल रिबिनीचं फूल लावलं. आणखी एक टॅक्सी तिने मागितली, तर म्हणाले, “एका गिऱ्हाइकाला एकच. दुसरं मूल आलं आणि त्याला नसली तर?” शेवटी टॅक्सी आनंदांच्या नावावर मिळाली.

घरी येऊन तिने रिबीन सोडली, कागद काढला, डब्याचे सहा बाजूंनी फोटो घेतले. इंद्रजितने एका मिनिटात साडेसहा हजार पाठवले.

मग ती जातच राहिली. दर दहा-बारा दिवसांनी एक फेरी, एका फेरीत दोन गाड्या. प्रत्येक वेळी रत्नदीपबद्दल थोडं नवीन सांगावं लागे. तो पहिलीत आहे. त्याला लाल रंग आवडतो. त्याचा पुढचा दात पडलाय. बंडोपंत ते मनावर घेऊन पुढच्या खेपेला गाडी आधीच निवडून ठेवत. “ही त्याला आवडेल बघ, हिची दारं उघडतात.” ती विकत होती, पैसे येत होते, गोजराबाईने बंगल्यावरच्या धुण्याभांड्याचं दुसरं काम सोडलं होतं. वाईट काही चाललंय असं धम्मदीपाला वाटत नव्हतं. ते सांगतील ती किंमत ती देत होती. फसवलं कुठे?

आनंदांनी एकदाच विषय काढला, परतताना, टेमघरला चहा घेताना.

“म्हातारं लई जीव लावून विचारतंय गं.”

“आप्पा, धंदा हाय ह्यो. भाव काय चाललाय ते सांगितलं तर एक डबा द्यायचा न्हाई.”

“मी भावाचं न्हाई म्हनत,” ते म्हणाले. “पोराचं म्हनतोय.”

मार्चमध्ये एक दिवस बंडोपंतांनी गाड्यांबरोबर एक गुंडाळी दिली. आठ ड्रॉइंग शीट मागून चिकटवून त्यावर त्यांनी एक रस्ता काढला होता. पट्टीने आखलेले दोन पदर, झेब्रा क्रॉसिंग, शाळेपुढे गतिरोधक, पेट्रोलपंप, वळणावर घाटाचा फलक. गाडी बरोबर मावेल एवढी रुंदी. एका बाजूला छोटी शाळा आणि तिच्यावर, वळणदार अक्षरात, ‘रत्नदीप विद्यालय’.

“बारा दिवस लागले,” ते म्हणाले. “आता हात थरथरतो ना. आणि ऐक, पाडव्याला उषा येतेय. रत्नदीपला आण. मी रोज अकराला तिला फोन करतो तेव्हा त्याचंच सांगतो. तिला त्याला बघायचंय.”

घरी धम्मदीपाने तो कागद जमिनीवर पसरला. गोजराबाई येऊन उभी राहिली. “कुनी काढलं गं? किती निगुतीनं काढलंय.” धम्मदीपा कागद परत गुंडाळायला लागली.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आनंदांना म्हणाली, “शेजारचं पोरगं घिऊन जाऊ का? एका दिवसाचा प्रश्न हाय.”

आनंदा ओट्यावर बसून नखं काढत होते. त्यांनी नेलकटर खाली ठेवलं. “आन त्या पोराला काय शिकवशील? म्हन माझं नाव रत्नदीप? सहा वर्साच्या पोराला?”

तिला खरंच लाज वाटली, ती त्या क्षणी. इतके दिवस वाटली नव्हती.

शुक्रवारी ती एकटीच गेली. कागदाची गुंडाळी सोबत घेतली होती. बंडोपंत तिला पाहून उठले, दिवा लावला, आणि तिने स्टुलावर न बसताच सांगायला सुरुवात केली, बसली असती तर जमलं नसतं. भाचा नाही. भाऊच नाही. ती या गाड्या ऑनलाइन विकते. तिने फोनवर आपलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. हिरवी अँबॅसिडर, खाली लिहिलेलं ‘विकली’. टॅक्सी, विकली. डबलडेकर, विकली. किमतीही होत्या.

बंडोपंतांनी चष्मा वर करून सावकाश सगळं वाचलं. धम्मदीपाला वाटलं, आता आकड्यांवर चिडतील. तिने हिशेब करून ठेवला होता, परत काय देता येईल त्याचा. ते आकड्यांबद्दल बोललेच नाहीत.

“दात पडला होता ना त्याचा,” ते म्हणाले.

“काका...”

“उषा इथून गेली त्याला चार वर्षं झाली. रोज अकराला विचारते, आज कुणी आलं होतं? मी म्हणतो, आलं होतं की. एक कुटुंब आलं होतं. दोन मुली आल्या होत्या. कुणीही आलेलं नसायचं, धम्मदीपा. दुकान बंद कर म्हणेल म्हणून मी रोज खोटं बोलायचो. चार वर्षं.” त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. “जानेवारीपासून खरं सांगत होतो. मला वाटत होतं, खरं सांगतोय.”

ती म्हणाली, “माझं चुकलं काका. फरकाचे पैसे मी...”

“दुकान बंद आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी दिवा मालवला.

तिने गुंडाळी काउंटरवर ठेवली. “घेऊन जा,” ते पाठमोरेच म्हणाले. “मी काय करू त्याचं.” तिने ती घरी आणून शेजारच्या पोरांना दिली. त्यांनी आठ दिवसांत गाड्या, खडू आणि चिखलाचे पाय चालवून तिचा पार चोथा केला.

पुढच्या गुरुवारी आनंदा सकाळीच घरातून निघाले. कुठे ते सांगितलं नाही. मुठ्यापर्यंत जीप मिळाली, पुढे दुधाच्या गाडीवाल्याने नेलं. दुकानाच्या पायरीवर ते बसून राहिले. बंडोपंतांनी काचेतून पाहिलं आणि तासभर पाहिलंच नाही असं केलं. मग दार उघडून विचारलं, “चहा घेणार का?”

चहा झाल्यावर आनंदा म्हणाले, “माझी पोर खोटं बोलली. म्या तितंच हुबा व्हतो. मीबी गप बसलो. तवा ते माझंबी खोटं झालं. तेवढं सांगाया आलोय.”

बंडोपंतांनी बराच वेळ कप धुतला. “उषा चार दिवसांनी येतेय. तिला काय सांगू मी?”

“जे हाय ते.”

“चार वर्षांचं?”

“एका दमात सांगा. थोडं थोडं सांगितलं की लई लागतं,” आनंदा म्हणाले. “माझा डोळा गेला तवा मी घरी म्हैनाभर चोरून ठिवलेलं. शेवटी बायकूनंच वळखलं. तिला डोळ्याचं न्हाई, त्या म्हैन्याचं वाईट वाटलं.”

अकरा वाजले. बंडोपंतांनी फोन उचलला तसे आनंदा बाहेर जाऊन तळ्याच्या कठड्याशी उभे राहिले. काचेआड ते बोलताना दिसत होते, मग नुसते ऐकताना, मग परत बोलताना. अर्ध्या तासाने त्यांनी दारात येऊन हात केला. डोळे लाल होते. “ती म्हणते, तिला माहीत होतं,” ते म्हणाले. “म्हणते, एवढं गिऱ्हाईक येतं तर माल संपत कसा नाही, एवढं मला कळत नाही का.”

त्याच संध्याकाळी धम्मदीपाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “तूच का ती रत्नदीपची आत्या?”

“काकू, मी...”

“ते राहू दे. ती हिरवी गाडी कितीला विकलीस?”

“साडेसहा हजाराला.”

पलीकडे उषाताई हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. “आणि हा माणूस पंधरा वर्षं दोनशे पंचेचाळीस घेऊन बसलाय! ऐक, पाडव्याला मी येतेच आहे. तू ये. आणि तो गाडी घेणारा कोण आहे त्याला घेऊन ये. साडेसहा हजार देणारा माणूस दिसतो तरी कसा, ते मला बघायचंय.”

माल कुठून आणतो ते गिऱ्हाइकाला कधी दाखवायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. धम्मदीपाने रात्रभर नव्हे, पण चांगला अर्धा दिवस विचार केला आणि इंद्रजितला फोन लावला. पाडव्याच्या सकाळी तो आपल्या कारने कासार आंबोलीला आला. आनंदा पुढे बसले, ती मागे. घाटात तिने त्याला सगळं सांगितलं, छापील किंमतसुद्धा. त्याने दोन वळणं घेतली.

“वाईट वाटलं का?” तिने विचारलं.

“वाटलं थोडं,” तो म्हणाला. “पण दोन वर्षं मला सापडली नव्हती. तुला सापडली. त्याचे पैसे झाले ते.” मग जरा वेळाने, “त्यांना मात्र तू सांगायला हवं होतंस.”

“होय,” ती म्हणाली.

दुकानाला गुढी उभारली होती. उषाताई खुर्चीत बसल्या होत्या, ठेंगण्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, हातात गाठीची वाटी. त्यांनी इंद्रजितला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अगदी साधाच आहे की,” त्या म्हणाल्या आणि त्याला गाठी दिली.

बंडोपंत काउंटरमागे उभे होते. धम्मदीपाकडे त्यांनी पाहिलं नाही. इंद्रजितने पांढरी डबलडेकर दाखवायला सांगितली.

“कोणासाठी?” बंडोपंतांनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

“तुम्ही काय करता हिचं?”

इंद्रजित गोंधळला. असं कुणी विचारत नाही. “ऑफिसमधून आलो की एक काढतो,” तो म्हणाला. “पुसतो. थोडा वेळ बघतो. परत ठेवतो. दिवसभर डोकं पिकलेलं असतं, ते शांत होतं. बस, एवढंच.”

“खेळत नाही?”

“तेच माझं खेळणं, काका.”

बंडोपंतांनी डबा काउंटरवर ठेवला. “भेट नाही ना ही? मग उघडून बघू. तपासल्याशिवाय मी देत नाही.”

उघडलेल्या डब्याची किंमत अर्ध्यावर येते, हे धम्मदीपाला, इंद्रजितला आणि आनंदांना माहीत होतं. इंद्रजितचा अंगठा झाकणाच्या चिकटपट्टीवर थांबला. मग त्याने ती नखाने कापली, बस बाहेर काढली आणि काउंटरवरून सोडली. ती सरळ, न कचरता, बंडोपंतांच्या हातापर्यंत गेली. त्यांनी ती उलटी करून आस पाहिला, जिना पाहिला आणि परत त्याच्याकडे सोडली. आनंदा जवळ येऊन वाकले. “ह्येच्या मागच्या चाकात दम हाय,” ते म्हणाले, आणि मग तिघे पुरुष बराच वेळ ती बस इकडून तिकडे पाठवत राहिले. उषाताईंनी धम्मदीपाला आपल्या शेजारी बसायची खूण केली.

“किती राहिल्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

“एकशे पंच्याऐंशी.”

“मला इथला जिना चढवत नाही आणि यांना तिकडे करमणार नाही, असं ते म्हणतात. माल संपला की त्यांना नाशिकला न येण्याची सबब उरणार नाही.” त्यांनी आवाज चढवला. “अहो, इकडे बघा. या गाड्या ही विकणार. बाजारात जो भाव आहे त्या भावाने. तिसरा हिस्सा हिचा.”

बंडोपंतांचा चेहरा कडक झाला. “छापील किमतीवर मी...”

“तुम्ही नका घेऊ. मी घेते. दुकानाला नाव माझं आहे.”

वाद झाला. तो जेवणातही चालू राहिला, श्रीखंडाचे हात वाळले तरी. शेवटी ठरलं ते असं, की साठ गाड्या मुठ्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना द्यायच्या, डबे उघडून, तपासून. उरलेल्या धम्मदीपाने विकायच्या. आणि बंडोपंतांची एक अट. प्रत्येक गाडीखाली खरं लिहायचं, कुठली, किती वर्षं फळीवर होती, कुणाच्या दुकानातली, आणि छापील किंमत काय होती तीसुद्धा.

“ते वाचल्यावर कोण घेईल?” धम्मदीपाच्या तोंडून गेलंच.

“ज्याला घ्यायची तो घेईल,” ते म्हणाले. त्या दिवशी ते तिच्याशी थेट बोलले ते एवढंच.

तिने तसंच लिहिलं. काहींनी चिडून शिव्या दिल्या, चोर म्हटलं. काही जण निघून गेले. पण बऱ्याच जणांनी घेतल्या, आणि घेताना दुकानाबद्दल विचारलं. गुवाहाटीच्या माणसाने विचारलं, ‘भाई, हे काका अजून आहेत का?’ तिने पहिल्यांदा उत्तर दिलं, ‘आहेत. आणि मी भाई नाही, ताई आहे.’ दोन दिवस तिकडून उत्तर आलं नाही. मग आलं, ‘सॉरी दीदी. दोन पाठवा.’

पूर्वीइतके पैसे सुटत नव्हते. गोजराबाईने ते दुसरं काम पुन्हा धरलं नाही, पण नवी शिलाई मशीन घ्यायचं पुढच्या वर्षावर गेलं. बंडोपंत दर रविवारी तिला डबे काढून देत, प्रत्येक गाडीखालचा मजकूर स्वतः तपासत, ‘पंधरा’ची ‘पंध्रा’ झाली असेल तर दुरुस्त करत. रागावलेले नव्हते, पण रत्नदीपचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. तिनेही नाही. एकदा फक्त, शाळेत गाड्या वाटून आल्यावर, ते म्हणाले, “एका पोराचा दात खरंच पडलेला होता,” आणि चष्मा पुसायला लागले.

मेच्या शेवटी फळ्या रिकाम्या झाल्या. दोन खोल्यांचं सामान टेम्पोत मावलं. बंडोपंत पुढे बसले आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हरला सांगायला लागले, की घाटात दुसऱ्याच गियरमध्ये उतरायचं. आनंदांनी खिडकीशी जाऊन हात पुढे केला. तो बंडोपंतांनी दोन्ही हातांत धरला.

“नाशिकला या,” ते म्हणाले. “बसने या. वाट बघीन.”

“येतो,” आनंदा म्हणाले.

टेम्पो वळणाआड गेला. धम्मदीपा दुकानाच्या पाटीखाली उभी होती. तिने किल्ली इमारतीच्या पहारेकऱ्याकडे दिली, वडिलांना मफलर डोक्याला बांधायला सांगितलं, आणि दोघं ऊन चढायच्या आत घाट उतरायला निघाले. पौडला एका स्टेशनरीवाल्याने माळा आवरायला काढला होता. त्याने बारा वाजता यायला सांगितलं होतं.